आधी पंचनामा, मग झाडू



बारामतीत बोलायला उभं राहिलं की मोरोपंतांचं नाव घेऊन सुरुवात करायची रीत आहे. ती मी पाळली असं समजा आणि मला थेट विषयाकडे जाऊ द्या. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांना प्रास्ताविकांचा फार कंटाळा होता, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात.

प्रश्न असा आहे. एका सकाळी प्रार्थनास्थळाचं कुलूप तुटलेलं दिसतं, आत काचा पडलेल्या असतात, क्रूस जागेवर नसतो. तिथल्या मंडळीने काय करायचं? तिच्यापुढे लगेच दोन सल्ले येतात. पहिला शेजारच्या शहाण्या माणसांचा: जाऊ द्या, तुमचा धर्मच क्षमेचा, वाढवू नका. दुसरा तिच्यातल्याच तरुणांचा: किती दिवस गप्प बसायचं? हे दोन्ही सल्ले श्रद्धेच्या बाहेरून आलेले आहेत, असं मला आज मांडायचं आहे. पहिला भित्रा आहे आणि दुसरा उतावळा आहे. श्रद्धेचा म्हणून जो मार्ग आहे त्यात क्षमाही आहे आणि फिर्यादही आहे, आणि एकाच दिवशी या दोन्ही गोष्टी करता येतात.

चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातलं चर्च येतं. उंच मनोरा, रंगीत काचा, ऑर्गन. आपल्या या पुणे–सोलापूर रस्त्यावर केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी १८९८ साली उभं राहिलेलं हे घर. पण गावोगावच्या बहुतेक मंडळ्यांची उपासना होते ती पत्र्याच्या छपराखाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पेटी, ढोलकी, झांजा, भिंतीवर वचनाचं कॅलेंडर, कोपऱ्यात चपला. अशा ठिकाणी नासधूस झाली तर नुकसानीचा आकडा फार मोठा होत नाही, आणि आकडा लहान म्हणून घटनाही लहान ठरवली जाते. ज्या पेटीवर तीस वर्षं दर रविवारी भजन झालं तिची किंमत भंगारवाल्याच्या हिशोबाने लावली जाते.

मोठ्या चर्चचंही फार वेगळं नसतं. ७ जानेवारी २०२३ला मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या दफनभूमीत सकाळी लोक गेले तेव्हा अठरा क्रूस मोडून पडलेले होते. थडग्यावरचा क्रूस मोडणं हा प्रकार मला भिंतीवर दगड मारण्यापेक्षा जास्त लागतो, कारण त्या क्रूसाखालचा माणूस कोणाच्याही वादात नसतो. सीसीटीव्हीच्या चित्रणावरून पोलिसांनी एका तरुणाला लवकरच पकडलं. त्याआधी, मार्च २०१५मध्ये, नवीन पनवेलच्या सेंट जॉर्ज चर्चवर मोटारसायकलवरून आलेल्या तोंड झाकलेल्या माणसांनी दगड मारले होते आणि संताच्या पुतळ्याभोवतीची काच फुटली होती. दिल्लीतल्या चर्चवरच्या घटनांनी तो हिवाळा आधीच गाजत होता, म्हणून पनवेलची काच देशभर ऐकू गेली. एरवी ती पनवेलमध्येच राहिली असती.

माहीमचं नाव आलंच आहे, तर जरा मागे जाऊ. तिथली परंपरा सांगते की १७३९मध्ये वांद्र्याच्या टेकडीवरचं मरियेचं देऊळ उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथली पवित्र प्रतिमा याच माहीमच्या चर्चने सांभाळली, आणि १७६१मध्ये टेकडीवर देऊळ पुन्हा बांधल्यावर ती मिरवणुकीने परत गेली. वांद्र्याचे कोळी याच्या जोडीला आपली कथा सांगतात: मूर्ती समुद्रात गेली होती, कोळ्याच्या जाळ्यात आली. ती त्यांची मोत माउली. इतिहास आणि दंतकथा यांची सरमिसळ झाली आहे, आणि ती सोडवत बसायची मला गरज वाटत नाही. मला त्यातली दोन माणसं महत्त्वाची वाटतात. एक, खाडीपलीकडच्या चर्चमधला कोणी, ज्याने दुसऱ्याची मूर्ती बावीस वर्षं आपल्याकडे ठेवून घेतली. दुसरा, दंतकथेतला तो कोळी. सूड उगवणारा कोणी या गोष्टीत नाही. आज सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा भरते तेव्हा पायऱ्यांखाली मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरं विकायला असतात. गुडघा दुखतो त्याने मेणाचा पाय वाहायचा, घर नाही त्याने घर. विकत घेणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं असतात. उद्ध्वस्त झालेल्या देवळाचं पुढे काय झालं, याचं हे उत्तर.

पण १७३९मध्ये ते देऊळ पडलं कोणाच्या धामधुमीत? इथे आपल्याला, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या माणसांना, थोडं सावरून बसावं लागतं. ती मोहीम मराठ्यांची होती. साष्टी घेतली, मग चिमाजी आप्पांनी वसईला वेढा घातला आणि मे १७३९मध्ये वसई पडली. त्या विजयाचा अभिमान आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे आणि तो असायला हरकत नाही, कारण पोर्तुगीज राजवटीने त्याआधी देवळं पाडली होती आणि गोव्यात १५६०पासून इन्क्विझिशन चालवलं होतं. तहाच्या कलमांत चिमाजी आप्पांनी मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला तिचा धर्म पाळायची मुभा दिली. वसईचा ख्रिस्ती समाज आजही तिथे आहे, घरात सामवेदी बोलतो आणि शाळेत मराठी लिहितो, याला त्या कलमांचाही हात आहे. पण चर्चच्या घंटा मात्र उतरवल्या गेल्या.

त्या घंटा कुठे आहेत? तुम्ही त्या वाजवलेल्या आहेत. भोर तालुक्यात नसरापूरला बनेश्वराच्या देवळात जी घंटा आहे तिच्यावर १६८३ हे साल आणि क्रूस कोरलेला आहे. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक टांगलेली आहे. तिच्यावर कडेवर बाळ घेतलेली मरिया उठावात दिसते. नाशिकची नारोशंकराची घंटा तर बोलण्यात आली आहे. मेणवलीच्या घंटेपाशी थोडा वेळ उभं राहावं. धातू जाड, काळपट हिरवा. मुलं येतात, उड्या मारून वाजवायचा प्रयत्न करतात. एखादी आजी नातीला उचलून धरते आणि नात त्या मरियेच्या अंगावर हात ठेवते, देवाची मूर्ती म्हणून. कोणाची विटंबना चालली आहे असं तिथे कोणालाच वाटत नाही, मलाही वाटलं नाही. तरी ती घंटा एका मंडळीच्या मनोऱ्यावरून उतरवलेली आहे, हेही खरं आहे. ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता येणं मला नागरिकशास्त्राच्या सगळ्या धड्यांपेक्षा मोलाचं वाटतं. ज्याला फक्त दुसऱ्याने मोडलेलं दिसतं, त्याच्याशी मोडतोडीविषयी बोलण्यात अर्थ नाही.

आता श्रद्धेकडे. ख्रिस्ती माणसाला कोणीही येता-जाता दुसरा गाल पुढे करायची आठवण करून देतो. ज्यांनी शुभवर्तमान उघडलेलंही नसतं त्यांना तेवढं एक वाक्य पाठ असतं. पण योहानाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, येशूला महायाजकापुढे उभं केलं असता एक शिपाई त्याच्या थोबाडीत मारतो. येशू तिथे दुसरा गाल पुढे करत नाही आणि हातही उगारत नाही. तो विचारतो: मी चुकीचं बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? म्हणजे मारणाऱ्याकडून तो कारण मागतो. प्रेषितांच्या कृत्यांत पौल आणि सीला यांना फिलिप्पैमध्ये चौकशीशिवाय फटके मारून कोठडीत टाकतात आणि सकाळी गुपचूप जायला सांगतात. पौल म्हणतो, जमणार नाही. आम्ही रोमन नागरिक आहोत. उघड मारलंत, आता चोरून सोडता? अधिकाऱ्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते येतात. आदल्या रात्री हाच पौल त्या कोठडीत स्तोत्रं गात होता आणि कोठडीच्या नायकाचा जीव त्यानेच वाचवला होता. गाणं, शत्रूवर दया आणि नागरिकत्वाचा हक्क, हे सगळं एका रात्रीत आणि एका सकाळी. मला वाटतं, मोडतोडीनंतर मंडळीने कसं वागावं याचा याहून नेमका धडा शोधायला नको.

ज्यांना बायबल परकं वाटतं त्यांच्यासाठी आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. देहूला तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या. यापेक्षा मोठी विटंबना कवीची कोणती? तुकोबा तेरा दिवस नदीकाठी बसून राहिले. वह्या तरल्या असं वारकरी सांगतात. लोकांच्या पाठांतरातून त्या वर आल्या असं अभ्यासक म्हणतात. कसंही असो, बुडवणाऱ्यांचा हेतू फसला. ज्या रामेश्वर भटांचं नाव त्या प्रकरणात घेतलं जातं ते पुढे तुकोबांचे शिष्य झाले. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, ते उगाच नाही. टिळकांनी मराठी मंडळीला ओवी-अभंग दिले, कीर्तन दिलं. त्याचा एक व्यावहारिक फायदा असा की ऑर्गन मोडला तरी मराठी उपासना अडत नाही. ज्याला चार भजनं पाठ आहेत आणि टाळी वाजवता येते अशा कोणाहीकडून ती सुरू होऊ शकते.

इंदापूरकरांना हे जास्त समजावून सांगायला नको. उजनीचं पाणी चढलं तेव्हा पळसदेवचं जुनं देऊळ धरणात गेलं आणि गाव देवासह वर सरकलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं शिखर आणि मग सगळं देऊळ उघडं पडतं, लोक होडीने बघायला जातात. धरण ही नासधूस नव्हे, हे मला कळतं. पण वास्तू गेली तरी पूजेची वेळ चुकत नाही, हे तुम्ही दोन पिढ्या पाहत आला आहात.

क्षमेबद्दल बोलताना ग्लॅडिस स्टेन्स यांचं नाव टाळता येत नाही. जानेवारी १९९९मध्ये ओडिशात मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन लहान मुलगे झोपेत, गाडीत जाळले गेले. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली असं जाहीर सांगितलं आणि बारीपद्याला कुष्ठरोग्यांचं काम पुढे चालू ठेवलं. २००५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळ्यांना आठवतं. सहसा सांगितलं जात नाही ते असं की, त्या क्षमेमुळे खटला थांबला नाही. सीबीआयने तपास केला, शिक्षा झाली, अपिलं झाली आणि जानेवारी २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. त्या बाईंनी आपल्या मनातला राग सोडला, आणि राज्याचं जे काम होतं ते राज्याला करू दिलं. कोणी आपल्याला ‘तुम्ही क्षमाशील ना, मग तक्रार कशाला?’ असं विचारलं, तर हे उदाहरण पुढे करावं.

सगळ्या मंडळ्या संतांच्या नसतात, हेही सांगितलं पाहिजे. २३ डिसेंबर २०१८, रविवार. कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड तालुक्यातलं कोवाड, म्हणजे रणजित देसाईंचं गाव. एका घरात नाताळाआधीची प्रार्थना चालू होती. तोंडं झाकलेली माणसं हत्यारं, सळया, बाटल्या घेऊन शिरली आणि लोकांना जखमी केलं. तेव्हा बायकांनी हल्लेखोरांवर मिरचीपूड फेकली, असं त्या वेळी वर्तमानपत्रांत आलं होतं. आता हे श्रद्धेत बसतं का, असा प्रश्न मला एका कॉलेजात विचारला गेला. मी म्हणालो, मुलं आत असताना दारात उभी राहून बाईने मिरची फेकली तर मी तिला धर्मशास्त्र शिकवायला जाणार नाही. अंगावर आलेला वार अडवणं वेगळं आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी वस्तीवर जाणं वेगळं. पहिल्याला कायदाही स्वसंरक्षण म्हणतो.

दुसऱ्या दिवशीचंच खरं संकट असतं. कोणी केलं हे ठरवायची घाई. २०१७च्या जुलैत दक्षिण गोव्यात रस्त्याकडेचे क्रूस आणि थडगी फोडली जात होती, तणाव वाढत होता, जो तो दुसऱ्या धर्माकडे बोट दाखवत होता. पोलिसांनी संशयित म्हणून पकडला तो माणूस ख्रिस्ती निघाला. तेवढ्या दिवसांत मोबाइलवरून काय काय फिरलं असेल याची कल्पना करा. म्हणून माझं मंडळ्यांना सांगणं आहे की, फोटो काढा, पण ते पोलिसांसाठी काढा. मोडलेल्या क्रूसाचा फोटो ग्रुपवर टाकला की तो तुमच्या हातात राहत नाही.

आणि आता माझ्या शीर्षकाकडे येतो. अशा सकाळी मंडळीतल्या बायका काय करतात? झाडू घेतात. देवाचं घर, आणि इतक्या काचा, लहान मुलं अनवाणी येतील. हात आपोआप झाडूकडे जातो. पाळक सांगतात, लवकर आवरा, उपासना वेळेवर सुरू करू. हे मला अतिशय सुंदर वाटतं, आणि पुराव्याच्या दृष्टीने ते अतिशय घातक आहे. काच झाडली, क्रूस उचलून ठेवला, कुलूप बदललं, की पंचनाम्यात लिहायला काय उरलं? म्हणून त्या दिवशी उपासना अंगणात घ्यावी. झाडाखाली, सतरंजीवर. पेटी आत मोडून पडली आहे, तर टाळ्यांवर गावं. आणि आतल्या कशाला पंच येईपर्यंत हात लावू नये. पंच शक्यतो शेजारच्या आळीतले, दुसऱ्या धर्माचे घ्यावेत असंही मी सुचवेन. त्यांनी आत पाऊल टाकून डोळ्यांनी पाहिलेलं गावात जास्त काळ टिकतं. मग झाडू.

गावातून त्याच संध्याकाळी निरोप येतो: मिटवून टाका. आपल्याकडे २००७पासून तंटामुक्त गाव मोहीम आहे, समित्या आहेत, त्यांनी बांधाचे आणि भावकीचे किती तरी वाद कोर्टाबाहेर सोडवले. ते चांगलं काम आहे. पण प्रार्थनास्थळाची नासधूस हा बांधाचा वाद नाही. जुन्या दंडसंहितेत यासाठी कलम २९५ होतं आणि दफनभूमीसाठी २९७. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत त्यांची जागा २९८ आणि ३०१ यांनी घेतली आहे. पहिल्यात दोन वर्षांपर्यंत, दुसऱ्यात एक वर्षापर्यंत कैद आहे. दोन्ही दखलपात्र आहेत आणि दोन्ही आपसात तडजोड करून मिटवता येत नाहीत. म्हणजे सरपंचांनी आणि पाळकांनी चहा पिऊन हात मिळवले तरी कायद्याच्या लेखी गुन्हा उभाच असतो. कलमं सगळ्या धर्मांच्या स्थळांना सारखी लागू आहेत. मारुतीच्या देवळालाही तीच, दर्ग्यालाही तीच, बुद्धविहारालाही तीच. ख्रिस्ती मंडळी फिर्याद देते तेव्हा ती खास सवलत मागत नसते. ती गावातल्या सगळ्यांच्या देवघरांसाठी तेच कलम जिवंत ठेवत असते.

मग क्षमा कधी करायची? मला वाटतं, फिर्याद दिल्यावर लगेच, त्याच उपासनेत. पकडलेल्या पोराचं नाव कळलं असेल तर नाव घेऊन प्रार्थना करावी, त्याच्या आईसाठी करावी. कोर्टात साक्षीला उभं राहावं लागलं तर जे पाहिलं तेवढंच सांगावं, रागाने वाढवून सांगू नये. साक्ष खरी देणं हीसुद्धा आरोपीवर केलेली दयाच आहे. शिक्षा भोगून तो परत गावात आला तर त्याला रामराम करावा. हे सोपं नाही, आणि जो सोपं आहे म्हणतो त्याच्या घरची काच कधी फुटलेली नसते. माहीमच्या त्याच चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना होते, ८ सप्टेंबर १९४८पासून. त्या गर्दीत किती हिंदू, किती पारशी, किती मुसलमान असतात हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मी काय म्हणतो ते लवकर कळेल. त्या चर्चच्या आवारात मेलेल्यांचे क्रूस मोडले गेले, तरी बुधवारची ती रांग त्या शहराच्या ओळखीचा भाग आहे.

आता एक विनंती, आणि मी थांबतो. इथे बारामती–इंदापूरचे जे बिगरख्रिस्ती श्रोते आहेत, त्यांनी आपल्या गावातल्या उपासनेला एखाद्या रविवारी जाऊन मागच्या खुर्चीवर बसून यावं. काही मोडायची वाट बघू नये. पाळकाचं नाव, त्यांचा फोन नंबर आपल्याकडे असावा. आणि मंडळ्यांच्या पंचकमिट्यांना विनंती अशी की, आपल्या ट्रस्टची कागदपत्रं, धर्मादाय आयुक्तांकडची नोंद, जागेचा उतारा, सामानाची यादी एका फाइलमध्ये आजच लावून ठेवा. त्या सकाळी हे शोधायला वेळ नसतो. आणि पोलीस ठाण्यात तोंडी सांगून परत येऊ नका. लेखी द्या, गुन्हा नोंदवून घ्या, आणि एफआयआरची प्रत मागा. फिर्यादीला ती मोफत द्यावी असं कायद्यातच लिहिलं आहे.